किल्ल्याची मजबुती

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे पूर्वज सांगून गेले. त्यासाठी झाकण उघडायला हवे की नाही, याबद्दल मात्र ते काहीच बोलले नाहीत. ही उणीव चिखलीचे मान्यवर गेम-समीक्षक प्रज्वल यांनी भरून काढली.

प्रज्वलचे वडील भगवंतराव धान्यबाजारात पोत्यात हात घालतात, मूठभर सोयाबीन पाहतात आणि अख्ख्या पोत्याचा दर्जा सांगतात. मुलाने हीच घरची विद्या पुढे नेली. फक्त हात घालायचे कष्ट वाचवले. मोबाइलवरच्या मारधाडीच्या गेमची तो जाहिरात पाही (पूर्ण नाही, पुढे ढकलता येईपर्यंत). कॉम्प्युटरवरच्या डावपेचांच्या गेमचे चित्र पाही. कन्सोलच्या गेमला कन्सोल लागतो, म्हणून त्याचे नुसते नाव वाची. त्या समीक्षा सर्वांत निःपक्षपाती असत. "खेळलं की माणूस गुंतते," तो म्हणे, "मंग न्याय होत नाही." तालुक्यातल्या शेकडा नव्वद लोकांना हे पटले होते. उरलेले दहा खेळत असल्यामुळे त्यांना विचारता आले नाही.

पुढे दीपकने बसस्टँडजवळ गेमिंग पार्लर काढले आणि तालुका स्पर्धेसाठी कायमचा पंच नेमायचे ठरवले. प्रज्वलला ते पद जिवापाड हवे होते. पत्रिकेवर नाव, खांद्यावर शाल, आणि 'पोरगं काय करते' या प्रश्नाला घरच्यांकडे एकदाचे उत्तर! उद्घाटनाला भगवंतराव धुतलेली टोपी घालून आले. कॉम्प्युटरला हार घातला, माउसला कुंकू लावले (तो पुढे चिकटतच राहिला), नारळ फुटला. मग दीपक म्हणाला की पहिला डाव भावी पंचांनीच खेळावा. गेम नेमका तो, ज्याला प्रज्वलने 'लेकरांचं काम' म्हणून दोन तारे दिले होते.

प्रज्वल खुर्चीत बसला. मानाला शोभेल म्हणून त्याने सर्वांत कठीण पातळी निवडली. फौज निघाली, तोफा धडाडल्या, बुरूज ढासळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रांगेत उभी असलेली कॉलेजातली मयुरी तेवढी पुढे आली.

"प्रज्वलदादा, तो किल्ला आपलाच आहे."

टाळ्या थांबल्या. भगवंतराव पंख्याकडे पाहू लागले.

"मले माहीत आहे," प्रज्वल पडद्यावरची नजर न हलवता म्हणाला. "मजबुती तपासून राह्यलो."

संध्याकाळी प्रज्वलची ऑनलाइन समीक्षा आली : आपला-परका कळू न देणारा गेम, एक तारा. हजारभर लोकांनी दुजोरा दिला. त्यांतला एकही तो गेम खेळलेला नव्हता, आणि दुजोरा देणारा पहिला दीपकच होता. पंचपद अर्थातच प्रज्वलला मिळाले. दुसऱ्या दिवशी बाजारात भगवंतरावांनी प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घातला.

तुम्ही मात्र हसू नका. प्रज्वल बिनकामाचा आहे, हे तुम्ही दुसऱ्या परिच्छेदातच ठरवून मोकळे झालात. त्याची एक तरी समीक्षा पाहिली होती का? स्पर्धेला सहपंच हवाच आहे. दीपककडे नाव देऊन ठेवा.