गेंदीची चाचणी आणि भिवामामाच्या पोटातला खडा

एका जंगलात, बाळांनो, एक नदी होती आणि नदीत पाणमांजरं राहायची. आता तुम्हाला वाटेल, पाणमांजराचं पिल्लू जन्मतःच पोहत असेल. तर नाही. ते पाण्याला घाबरतं. मग आई त्याची मानगूट दातात धरते आणि त्याला पाण्यात ओढते. त्याची पहिली शाळा ती.

गेंदीची आई भागूताई मागच्या पुरात गेली. कुंभ्याच्या डोहात भोवरा फिरला, आणि ती काही वर आली नाही. मागे राहिला तिचा धाकटा भाऊ भिवा. भिवाचं स्वतःचं शिक्षण अर्धवट. ताई त्याला शिकवायला बसायची, पण मध्येच खेकडा दिसला की विद्यार्थी पसार. तरी ताई गेली त्याच संध्याकाळी त्यानं भाचीची मानगूट दातात धरली. कुणाला विचारलं नाही, की विचार केला नाही.

अशी गेंदीची शाळा घरातच सुरू झाली. मासा डोक्याकडून खावा. मगर ओंडक्यासारखी दिसते आणि ओंडका मगरीसारखा, तेव्हा दोघांपासूनही लांब राहावं. मधल्या सुट्टीत चिखलावरून घसरगुंडी. खरं सांगायचं तर मधली सुट्टीच जास्त असायची. गेंदी हसून हसून लोळायची आणि तिच्या हसण्यात भिवाचा दिवस निघायचा.

तेवढ्यात जंगलात शिक्षण समिती आली. समितीनं ठरवलं की घरी शिकणाऱ्या प्रत्येक पिल्लाची निदान चाचणी घ्यायची. टिटवीबाई दारोदार सांगत फिरल्या की ही परीक्षा नाही, यात पास-नापास नाही, पिल्लू कुठं कच्चं आहे तेवढंच बघायचं. येतं त्याला पांढरा खडा, येत नाही त्याला काळा. एकही काळा खडा निघाला, तर पिल्लाला डोंगरापलीकडच्या निवासी शाळेत धाडायचं. बाकी काळजीचं कारण नाही.

हे ऐकून जंगलाची झोप उडाली. सशिणीनं पिल्लांना पहाटे उठवून ब्राह्मीचा पाला चारला. पोपटानं परीक्षा नसलेल्या परीक्षेच्या तयारीचा वर्ग काढला.

भिवानं आधी टिटवीबाईंच्या अंगावर एक मासा फेकला. मग घाबरून खाली बसला. गेंदी गेली तर घरात उरणार कोण? तो एकटा.

शेजारच्या झाडावरून वानरीण हुप्पीकाकू सगळं बघत होती.

"अरे भिव्या, मासे कसले फेकतोस? बाई सगळीकडं तेच प्रश्न विचारतात. माझ्या बंट्याला विचारून घे आणि पोरीकडून घोकून घे."

भिवानं घोकून घेतलं. गेंदीनं झोपेतसुद्धा उत्तरं दिली.

चाचणीच्या दिवशी टिटवीबाई सपाट दगडावर खडे घेऊन बसल्या. समितीचे अध्यक्ष गवेसाहेब बाजूला रवंथ करत उभे राहिले. मगर, ओंडका, लपण्याच्या जागा. पांढरा, पांढरा, पांढरा. भिवाची छाती फुगत चालली. मग बाईंनी एक प्रश्न विचारला, जो बंट्याला कुणी विचारलाच नव्हता. वानराला तो विचारणार तरी कशाला?

"डोहात भोवरा फिरायला लागला तर काय करायचं?"

"डोहाकडं जायचंच नाही," गेंदी म्हणाली.

"का बरं?"

"मामा रडतो म्हणून."

 टिटवीबाईंनी हळूच काळा खडा दगडावर ठेवला. त्यांचे पंख मिटायच्या आत भिवानं झडप घातली आणि खडा गिळून टाकला.

गवेसाहेबांनी दगडाकडं पाहिलं. सगळे खडे पांढरे. त्यांनी विचारलं, काळा कुठं आहे? बाईंनी भिवाच्या पोटाकडं चोच केली. साहेबांनी बराच वेळ रवंथ केलं.

"नियम सरळ आहे," ते म्हणाले. "काळा खडा ज्याच्याकडे, कच्चा तो. शाळेत यालाच न्या."

"मग मी पण," गेंदी म्हणाली. "मामाला एकट्याला झोप येत नाही."

मामासोबत भाचीला पाठवायचं की नाही, यावर समितीचा काही नियम नव्हता. म्हणून तिला पालक म्हणून पाठवलं.

निवासी शाळेत कासवगुरुजी शिकवायचे. भिवा पिल्लांमध्ये गुडघे दुमडून बसायचा. पालक खिडकीशी उभी राहून त्याच्यावर लक्ष ठेवायची आणि तो खेकड्याकडं बघायला लागला की खाकरायची. एक दिवस गुरुजींनी भोवऱ्याचा धडा काढला. वर यायला धडपडायचं नाही, ते म्हणाले. अंग सोडून तळाशी जायचं. तळाशी भोवऱ्याचा जोर कमी. तिथून बाजूनं निसटायचं.

भिवा उठून उभा राहिला.

"गुरुजी, हे आमच्या ताईला माहीत होतं?"

"भागू माझ्याच वर्गात होती, पण या धड्याच्या आधीच तिनं शाळा सोडली, बाळ. घरी धाकटा भाऊ आहे, त्याला शिकवायला कुणी नाही, असं म्हणाली."

भिवा तिथंच बसून रडला. खूप रडला. पिल्लं कावरीबावरी झाली. गेंदी आत आली, आणि पालक जशी बोलते तशी बोलली.

"रड हवं तेवढं. पण आज बुडी मारल्याशिवाय जेवण नाही."

शाळेमागच्या पाण्यात एक लहानसा भोवरा होता. भिवा डोळे मिटून त्यात शिरला. अंग सोडलं. तळाशी गेला. आणि पार पलीकडच्या झुडपाच्या बाजूला वर आला, शिंकत. आता तू ये, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं, तर काठावर कुणीच नव्हतं. गेंदी केव्हाच आत शिरली होती. भिवा श्वास रोखून पाण्याकडं बघत राहिला. मग त्याच्या शेजारीच पाणी फुटलं, आणि गेंदी खदखदून हसत वर आली.

तात्पर्य: मुलांची प्रगती जरूर मोजावी. निकाल मनासारखा लागला नाही, तर तो तिथल्या तिथं गिळून टाकावा. शाळेत कुणाला तरी जावंच लागतं. ते मूलच असलं पाहिजे, असं काही नाही.