आधी सांग, मग लिही

परबबाईंसमोर पेन काढायची सोय नाही. कोणी बोलत असताना तुम्ही लिहायला लागलात की त्या हात पुढे करतात, पेन काढून घेतात, त्याला टोपण लावतात आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून देतात. चाळीच्या मीटिंगमध्ये आमच्या सेक्रेटरींचंही पेन असंच जप्त झालं. "आधी ऐका हो. मगे लिवा." बिचाऱ्यांनी घरी जाऊन आठवेल तसं इतिवृत्त लिहिलं. ते जेमतेम अर्धं पान भरलं, पण सगळ्यांनी वाचलेलं ते पहिलंच इतिवृत्त.

डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत बाई माझ्या शेजारच्या खोलीत एकट्या राहतात. म्युनिसिपालटीच्या शाळेत जन्मभर शिकवलं. शाळेतून रिटायर झाल्या, शिकवण्यातून नाही. एकदा मी त्यांच्याकडून बांगड्याच्या तिखल्याची कृती उतरवून घ्यायला गेले, तर पेन गेलंच. "घरी जावन कर. चुकलंस तर माका सांग." मी तिरफळं घालायलाच विसरले. नवऱ्याने तोंड वाकडं केलं, बाई मात्र खूश. "आता जन्मात इसरूचंस नाय." खरंच नाही विसरले.

पण बाई मला खऱ्या कळल्या त्या माझ्या परीक्षेच्या वेळी. ऑफिसातल्या खात्याच्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. आता शेवटची संधी. हुकली तर मी काम शिकवलेली मुलगी माझी साहेब होणार होती. मेहनतीत कसूर नव्हती हो. माझ्या नोट्स म्हणजे नुसती रांगोळी, चार रंग आणि पट्टीने मारलेल्या रेघा. बाईंनी वही चाळली आणि म्हणाल्या, "ह्यां पुस्तकच परत लिवलंस. तुझां काय हा ह्यात?"

त्या दिवसापासून ऑफिसातून आले की गॅलरीत वर्ग. एक नियम वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि भाजी निवडत बसलेल्या बाईंना तो सांगायचा. बाई शांतपणे म्हणणार, "माका काय समजलां नाय. परत सांग." अर्जित रजेचा नियम पुन्हा पुन्हा सांगताना माझ्या लक्षात आलं, की तो मलाच कळलेला नाही. मग घरी जाऊन आठवेल तेवढं निळ्या पेनने लिहायचं, अडेल तिथे जागा सोडायची आणि पुस्तक उघडून तेवढीच जागा लाल पेनने भरायची. "निळां तुझां झालां. आता लाल तेवढांच वाच."

एकदा मी वैतागले. "बाई, तुम्हाला खरंच कळत नाही की नाटक करता?"

"माका कळान काय उपेग? परीक्षेक तू बसतलंस."

हळूहळू वहीतलं लाल कमी होत गेलं आणि मी पास झाले, तेही चांगल्या मार्कांनी. पेढे घेऊन गेले तेव्हा बाईंनी सगळ्या मजल्याला हाका मारून सांगितलं. स्वतःचा निकाल लागल्यासारख्या मिरवत होत्या. मग सगळे पांगले आणि त्या खुर्चीवर टेकल्या.

"म्हणजे उद्यापासना तू येवचंस नाय," त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता. "पोरां पास होतत नि जातत. जावकच व्हया. आता तर कोण येयतच नाय, फळ्याचो फोटो काढतत नि मोकळे."

मी काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं, "अजून एक परीक्षा आहे बाई. वरची."

अशी परीक्षा आमच्या खात्यात नाही. आणि जन्मभर पोरांच्या थापा पकडलेल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं.

"कठीण आसा?"

"खूप."

"मगे लवकर संपूची नाय," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. "बस. चाय ठेवतंय."