ब्रोचं गाऱ्हाणं

शब्दांची मुळं खणण्यात अख्ख्या सिंधुदुर्गात माझा हात धरणारा कोणी नाही! इंग्रजी घेऊन बी.ए. झालोय. एखाद्या शब्दाच्या मागे लागलो की त्याच्या खापरपणजोबाचं गाव सांगूनच परततो.

त्या दिवशी कट्टा गावात आमच्या घरी पुतणी भक्तीचा साखरपुडा होता. वालावलहून मुलाकडची मंडळी आलेली. सगळं सोलकढीसारखं घशाखाली उतरत होतं. अंगठी घालायला विनीतने, म्हणजे नवऱ्या मुलाने, भक्तीचं भलतंच बोट धरलं.

"ब्रो, दुसरं बोट!" भक्ती म्हणाली.

विनीतच्या आजीने, सुभद्राबाईंनी, कान टवकारले. "ब्रो म्हंजे काय रे?"

"काय नाय गो आजी, आमी सगळी तशीच बोलतव," विनीत म्हणाला.

विषय संपला होता! आजींनी लाडू उचललासुद्धा. पण माझ्यातला भाषातज्ज्ञ गप्प बसेल तर ना!

"आजी, मूळ शब्द ब्रदर," मी घसा खाकरला. "म्हणजे भाऊ. आपल्या संस्कृतातल्या भ्रातृचा सख्खा नातलग!"

लाडू ताटात परत गेला.

"भाव म्हटल्यान? होवच्या घोवाक? भावाक नवरो करतत खंय? विनीत, आंगठी काड! गाडी बोलव!"

"अहो, पण अर्थ बदलत जातो," मी सावरायला गेलो. "आता मुली मैत्रिणींनाही ब्रो म्हणतात."

"म्हंजे माजो नातू मैत्रीण?"

भक्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. माझी बायको शर्मिला, सुरमईच्या तुकड्या करण्याआधी सुरमईकडे बघते, तशी माझ्याकडे बघू लागली.

शेवटी वाडीतले मानकरी धोंडूतात्या उठले. देवापुढे नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं, म्हणजे देवाला साकडं; एकाने घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं.

"बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान होवच्या घोवाक जा काय म्हटला आसात, ता वाऱ्यार सोड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हेंचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आजींचाही आवाज मिसळला.

देवाच्या पदरात टाकलेली गोष्ट माणसाने पुन्हा उकरायची नाही, हा आमच्याकडचा कायदा. आजी खाली बसल्या. भक्तीने डोळे पुसले. मी सुटकेचा असा निःश्वास सोडला, की समई विझता विझता राहिली!

पण तात्यांचं संपलं नव्हतं.

"आनी ह्या शिकलेल्याची जीब लगीन होयपर्यंत दाताआड ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!!"

भिंतीवरची पाल दचकून पडली. सगळ्यांत मोठा आवाज शर्मिलाचा होता.

म्हटलं मीसुद्धा. जरा हळू.