दोन तबकड्या, एक बॉयलर

सासू-सुनेचं भांडण मिटवायला लोक पंच बोलावतात, पाद्री बोलावतात. मी स्क्रूड्रायव्हर घेतला! सगळ्या वाल्येवो शहरात मला शिकवील असा इलेक्ट्रिशियन अजून जन्मलेला नाही, आणि त्या लुटारूंना मी दारातही उभं करत नाही.

भांडण थर्मोस्टॅटचं. घरभरच्या रेडिएटरांना मिळून तो एकच, दिवाणखान्यात. वडील गेल्यावर आईला गावाहून मीच आणलं होतं, "आता इथंच राहायचं" म्हणून. ती येता-जाता त्याची तबकडी पंचविसावर न्यायची; माझी बायको झागोर्का मागोमाग एकोणिसावर. बॉयलर बिचारा उचकी लागल्यासारखा पेटायचा, विझायचा.

"आईच्या खोलीत दुसरा थर्मोस्टॅट बसवतो," मी जाहीर केलं. "दोघी आपापल्या राज्याच्या राण्या!"

"आणि बॉयलर कुणाचा?" झागोर्कानं विचारलं.

बाईमाणसाला यातलं काय कळतंय, असं म्हणून मी भिंतीला भोक पाडलं.

दोन्ही समांतर जोडले. म्हणजे दोघींपैकी एकीनं मागितलं तरी सगळं घर तापणार. आईनं मागितलं. मागतच राहिली! सोफ्यावर टेकलं की पाठ पावासारखी भाजून निघायची. झागोर्कानं दिवाणखान्याची खिडकी उघडली, मग समोरची स्वयंपाकघराची.

आता आमच्याकडचा माणूस एक वेळ युद्धातून परत येईल, पण समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधल्या वाऱ्यातून, प्रोमायातून, नाही!

"प्रोमाया!" आईनं किंकाळी फोडली आणि डोक्याला लोकरी रुमाल आवळला. "वाऱ्यावर मारायलाच आणलंय मला! मान धरली, मूत्रपिंडं गारठली!"

"अहो आई, घामानं निथळताय तुम्ही!"

"घामावर वारा? मग तर सरळ खड्ड्यातच!"

असं म्हणून तिनं आपली तबकडी आणखी वर नेली. झागोर्कानं न्हाणीघराची खिडकीही उघडली.

मी पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. या खेपेला जोडणी एकसर. दोघींनी मागितलं तरच बॉयलर पेटणार. एकमत झाल्याशिवाय काही नाही! मला स्वतःचाच हेवा वाटला.

एकमत कसलं! झागोर्काचे एकोणीस झाले की सगळं बंद. आई तबकडी टोकापर्यंत फिरवायची आणि रेडिएटरवर हात ठेवून बसायची, आटलेल्या गाईपाशी बसावं तशी.

"बाळा, हे माझं ऐकत नाही रे."

"ऐकतं ते, आई. वेळ लागतो."

"तोंडावर खोटं बोलतोस त्यांच्याशी?" झागोर्का स्वयंपाकघरात कुजबुजली.

"तुला गारवा मिळाला ना? मग गप!"

एका दुपारी झागोर्काची बहीण यायची होती, म्हणून तिनं स्वतःची तबकडी वाढवली. आईचा मेलेला रेडिएटर लगेच जिवंत झाला. आई दिवाणखान्यात आली, तबकडी पाहिली, मला पाहिलं.

"सूनबाईनं मागितलं की माझी खोली तापते. मग मला ही कशाला दिलीस? खेळायला?"

मी स्क्रूड्रायव्हर खिशात सरकवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं सामान भरलं. रिकामी खोली तापवणं आमच्याकडच्या बायकांच्या लेखी पाप, म्हणून तबकडी अगदी खाली आणली, खोलीला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि गावाची बस धरली.

संध्याकाळी घर गारठलं. झागोर्कानं तबकडी पंचविसावर नेली, तिसावर नेली. बॉयलर ढिम्म! दोघींनी मागायला हवं ना. आणि कुलपाआड आईची तबकडी नाही म्हणत होती.

"बॉयलरपाशीच दोन तारा पिळतो. मिनिटाचं काम!" मी उठलो.

झागोर्कानं माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला. तिच्या अंगात कोट, डोक्याला आईचा राहिलेला रुमाल.

"खबरदार हात लावलास तर! आधी आईंना आण."

मी फोन लावला. पलीकडे चुलीत लाकडं तडतडत होती.

"आई, घरात फार थंडी आहे गं. परत ये."

"तबकडी फिरवलीस?"

"फिरवली. ऐकत नाही."

"ऐकतं ते, बाळा," आई म्हणाली. "वेळ लागतो."