पडताळणीबाई आणि लाल पान

माणूस खरा की खोटा, हे त्या माणसालाच विचारून कळत नसतं. या एका तत्त्वावर ओळख पडताळणी कार्यालय उभं होतं, आणि ते तत्त्व खिडकी क्रमांक तीनवर पडताळणीबाईंनी एकटीनं पेललं होतं. खिडकीशी येणाऱ्यांपैकी शंभर टक्के माणसं 'मी मीच आहे' असं सांगत. (एकानं 'मी माझा भाऊ आहे' असं सांगितलं होतं. तो खरोखरच भाऊ निघाला.) बाई चष्म्यावरून बघत आणि सगळ्यांना एकच उत्तर देत, "तुम्ही म्हणता म्हणून का? ओळखणारं दुसरं कोणी आणा."

पुढे त्या खिडकीतही संगणक आला. आता कार्यालयाच्या वेबसाइटचं कंट्रोल पॅनल उघडायचं, पासवर्ड घालायचा आणि 'ओळख पटली' हे बटण दाबायचं. हा अधिकार एकट्या बाईंना होता. पण पॅनल उघडण्याआधी ब्राउझर एक लाल पान दाखवी. ते का येतं याची चौकशी कोणी केली नव्हती. ते ओलांडायचं कसं, याचं परिपत्रक मात्र निघालं होतं. आधी 'प्रगत' दाबा, मग सर्वांत खालची, सर्वांत बारीक 'तरीही पुढे जा (असुरक्षित)' ही ओळ दाबा, घाबरू नका. प्रशिक्षणही झालं. त्यामुळे पान न वाचता ओलांडण्याचा कार्यालयाचा सरासरी वेळ निम्म्यावर आला आणि साहेबांच्या ड्रायव्हरला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. (त्याच्याकडे संगणक नव्हता.)

बाई प्रशिक्षणाला रजेवर होत्या. त्यामुळे पहिल्याच सोमवारी त्यांनी ते पान वाचलं.

'ही साइट आपण कोण आहोत हे सिद्ध करू शकत नाही. हिच्या सुरक्षा प्रमाणपत्रावर हिचीच सही आहे. मध्ये बसून कोणीतरी तुमचा पासवर्ड चोरत असू शकतं.'

बाईंना भरून आलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपल्यासारखं बोलणारं पहिल्यांदाच कोणी भेटलं होतं. त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि काम थांबवलं.

साहेब धावत आले. "अहो बाई, ते रोजच तसं म्हणतं. दाबा आणि पुढे व्हा."

"साइट आपलीच आहे कशावरून?"

"कशावरून म्हणजे? वर नाव लिहिलंय की आपलं!"

"नाव तर काय, शुक्रवारच्या त्या मिशीवाल्यानंही सांगितलं होतं. त्याला तुम्हीच हाकललंत."

साहेबांनी वेबसाइट बनवणाऱ्या कंत्राटदाराला फोन लावला. तो म्हणाला, बाहेरच्या कंपनीचं प्रमाणपत्र घ्या, लाल पान जाईल. कंपनी म्हणाली, देतो की. फक्त तुम्ही तुम्हीच आहात असा दाखला आणा. असा दाखला मिळायची जागा एकच, खिडकी क्रमांक तीन. साहेब स्वतःच्याच कार्यालयाच्या रांगेत उभे राहिले. नंबर लागल्यावर बाईंनी त्यांचा अर्ज परत केला: 'अर्जदार आणि ओळख पटवणारा एकच.' (अर्ज फेटाळायला संगणक लागत नाही.)

साहेबांच्या मागेच बाईंची मुलगी उभी होती. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि तिची ओळख आजच कळवली नाही तर ती जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

"आई, आटप ना गं. तिकडचं ऑफिस बंद होईल."

"इथे कोणी कोणाची आई नाही. नाव?"

"अगं, तूच ठेवलंस!"

"ठेवलं असेल. पुरावा?"

मुलीनं कागद सरकवले. सगळे बिनचूक होते. बाईंनी ते पुन्हा पाहिले, मग लाल पानाकडे पाहिलं. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला ती छताकडे बघू लागली. मागे गलका उठला.

"दाबा हो बाई!"

"पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे, दाबा!"

"दाबा, काही होत नाही! आम्ही घरी रोज दाबतो!"

बाईंनी चष्मा काढून बाजूला ठेवला. (त्याशिवाय त्यांना वाचता येत नाही, हे त्यांना पूर्ण ठाऊक होतं.) बोट मात्र बरोबर त्या बारीक ओळीवर पडलं. पासवर्ड घातला. ओळख पटली. रांगेनं टाळ्या वाजवल्या आणि साहेबांनी चहा मागवला.

लाल पान रोज जे म्हणायचं तेच त्या सोमवारीही म्हणालं होतं. फरक इतकाच, की त्या सोमवारी मध्ये खरंच कोणीतरी बसलेलं होतं. बाईंच्या पासवर्डवर आठवडाभर भलभलत्यांच्या ओळखी पटत राहिल्या. मुलगी नव्या शहरात कामावर हजर झाली, तेव्हा तिथल्या बाईंनी नम्रपणे सांगितलं, "या नावाच्या बाई तर गुरुवारीच रुजू झाल्या. त्यांची ओळख पटलेली आहे. आपण कोण?"

रीतसर चौकशी समिती बसली. कॅमेऱ्याचं ध्वनिमुद्रण ऐकून 'दाबा' म्हणणाऱ्यांची मोजदाद झाली. मुलगी सोडून रांगेत साहेबांसह सोळा माणसं होती. आवाज सतरा निघाले. समितीनं पुन्हा मोजले. सतराच. हा सतरावा आवाज अगदी हळू आहे, मनातल्या मनात म्हटल्यासारखा. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं नेमका तेव्हाचा, आणि त्याच्या मागे पुस्तकाचं पान उलटल्याची सळसळही ऐकू येते.

अहवालात अजून तुमचं नाव घातलेलं नाही.