सव्वापाच इंचांची पाहुणी

रामदासनाना अजूनही मापं घेतात, पण आता माणसांची नाही. समोर जाळीवर तळहातापेक्षा मोठा, फिकट हिरवा पतंग बसलेला असतो. नाना गळ्यातली शिंप्याची टेप पंखांना लागू न देता हवेतच ताणतात, एक डोळा मिटतात आणि जाहीर करतात, “सव्वापाच! हाई पोरले नऊवारीच लागी.”

रनाळ्यात त्यांनी चाळीस वर्षं ब्लाऊज शिवले. मशीन अजून ओट्यावर आहे. तिच्यावर आता कोषांची परडी असते. गावातले लोक म्हणतात, “नानाले नवं गिऱ्हाईक सापडनं. फिटिंगवरतून भांडत नही.”

मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून भाड्याने राहते. शाळेत मुख्याध्यापिका आहे आणि माझं सगळं यादीवर चालतं. किराण्याची यादी, शाळेची यादी, आणि कुठली यादी कुठे ठेवली त्याची यादी. पाच वर्षांपूर्वी इथे आले, तेव्हा शेजाऱ्यांच्या यादीत नानांपुढे लिहिलं होतं : ‘पतंग पाळतात. निरुपद्रवी.’

मग एका सकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. कोषातून नुकताच एक ओला, चुरगळलेला जीव बाहेर पडला होता. तो काडीला उलटा लटकला. पंख म्हणजे पिळून टाकलेल्या रुमालाचे दोन बोळे. मी आपोआप बोट पुढे केलं.

“हात लावू नका! टाका निंघी जाई!” नाना ओरडले. टाका निघून जाईल, हे त्यांचं सगळ्यावरचं वाक्य. दूध उतू जात असलं तरी तेच.

तासाभरात ते बोळे उलगडत गेले. घडी सुटली, सुरकुती गेली, मागे दोन लांब शेपट्या उतरल्या, चारही पंखांवर डोळ्यासारखा एकेक ठिपका उमटला. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेत उशिरा पोचले.

“चाळीस वरीस कपडा हातमा व्हता,” नाना हळूच म्हणाले, “पण हाऊ कपडा कोनी विनेल नही.”

“हा खातो काय?” मी विचारलं.

“तिले तोंडच नही. आठ रोजनी पाव्हनी.”

तेव्हापासून मी त्यांची मदतनीस झाले, आणि यंदा माझ्याच हातून घात झाला. जुलैत नानांना ताप आला. एकतीस अळ्या, बोटाएवढ्या जाड, दिवसरात्र जांभळाची पानं खात होत्या. मी यादी केली : पेज, गोळ्या, जांभळाच्या फांद्या. अंगणातल्या जांभळाची हाताला येणारी पानं संपली होती, म्हणून फांद्या शेताच्या बांधावरून आणल्या. पानं चकचकीत होती म्हणून खूश झाले. शेजारच्या कपाशीवर आदल्या दिवशी फवारणी झाली होती, हे विचारायचं माझ्या यादीत नव्हतं.

सकाळी तीस अळ्या फांद्यांवरून मऊ लोंबत होत्या. एकतिसावी वाचली, कारण तिने खाणं थांबवून कोष विणायला घेतला होता.

नानांनी अळ्या एकेक करून फांद्यांवरून काढल्या. “टाका निंघी जाई” म्हणालेसुद्धा नाहीत. ते ऐकायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं.

श्रावणात, कानबाई देवीच्या सणाआधीच्या शुक्रवारी, त्या कोषातून मादी बाहेर आली. आता सगळं तिच्यावर होतं. नर आला तर अंडी, नाही तर नानांची परडी रिकामी. नानांनी जुन्या मच्छरदाणीचा पिंजरा शिवला आणि अंगणातल्या जांभळाला टांगला. मादी जागची हलत नाही. माणसाला न कळणारा वास हवेत सोडते, आणि रानातला नर त्या वासावर कुठून कुठून येतो.

शनिवारी सकाळी कोणी नव्हतं. त्याच दिवशी सुरतेहून मुलाचा फोन आला, सुट्टी नाही म्हणून. दरवर्षी तो, सून आणि दोन नातवंडं कानबाईला येतात. “बरं, बरं. कानबाई तठेच बसाडा,” नाना म्हणाले. “मन्हा जोडे पाव्हनी शे.”

मग ते रोटांचे, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या पोळ्यांचे, गहू मोजायला बसले. घरातल्या माणसागणिक सव्वा मूठ, असा रिवाज. हे रोट घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत. पाच वर्षांत मला नानांकडून पुरणपोळी आली, खीर आली; रोट कधी नाही, आणि त्यात मला वावगं वाटलं नाही. मी सवयीने मोजत होते. न आलेले धरून घरची माणसं पाच. मुठी झाल्या सात. सहावी पतंगाची असणार, नानांचा काय भरवसा! सातवी चूक म्हणून सोडून दिली.

रविवारीही नर नाही. मादीच्या उजव्या शेपटीचा तुकडा पडला होता. नानांनी माप घेतलं नाही.

सोमवारी उजाडताना भिंतीपलीकडून आवाज आला, “मॅडम! ऊना! नवरदेव ऊना!”

जाळीच्या बाहेरून एक नर चिकटला होता. अंगाने बारीक, मिशा पिसासारख्या रुंद, पंखांच्या कडा फाटलेल्या. कुठल्या डोंगरावरून आला होता कोण जाणे. तो आत जायला धडपडत होता. नानांनी खिशातून कात्री काढली आणि स्वतःच घातलेली शिवण टाका टाका करून उसवली. चाळीस वर्षं टाक्याला जपणारा माणूस! नर आत सरकला. दोघं टेकून स्थिर झाली, जणू एकाच काडीची दोन पानं.

किती वेळ आम्ही तसेच उभे होतो, त्याची नोंद नाही.

मग नाना घरात गेले आणि ताट घेऊन आले. ताटात रोट होते.

“नाना, हे मला चालत नाहीत.”

“तुम्हनी मूठ मोजेल शे.”

मी मादीकडे बोट दाखवून विचारलं, “आणि हिची?”

नानांनी जाळीकडे पाहिलं, टेप गळ्यातून काढून मशीनवर ठेवली.

“ती जेवत नही,” ते म्हणाले. “तिनी मूठ बी आपलेच खानी पडी. बठा.”