वळकटरावांचे साडेतीन काटे

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. मागच्या रांगेतल्यांनी खाऊ आत्ताच संपवून घ्या, कारण पुढे भुतं आहेत.

एका जंगलात भीतीची फार टंचाई झाली होती. म्हातारा वाघ दात पडल्यापासून मऊ भात खाऊन झोपत असे. बिबट्या शहरात कुत्री मिळतात म्हणून तिकडेच राहायला गेला होता. शिकारी येईनासे झाले होते. हरणं नदीवर जात, पाणी पीत आणि परत येत. मधे काही होतच नसे. सगळ्यांच्या प्रकृती सुधारल्या आणि सगळ्यांना भयंकर कंटाळा आला.

अशा वेळी टोपाजी नावाच्या वानराने कुठून तरी एक सिनेमाचं मशीन आणलं. हाताने फिरवायचं, आत दिवा लावायचा. दर रविवारी दुपारी थोरल्या गुहेत तो भुताचा सिनेमा दाखवू लागला. आत शिरताना मूठभर जांभळं द्यायची, जांभळं संपली की बोरं.

रविवारी दर खेपेला सिनेमा नवा. कधी 'आडातला हात', कधी 'हडळीचं हळदीकुंकू', कधी 'माळ्यावर कोण चालतंय'. टोपाजी पुढे उभा राहून जाड आवाजात नाव सांगे. काळीज कमकुवत असेल त्याने आत्ताच बाहेर जावं, असंही सांगे. कुणीच जात नसे, कारण कोण जातंय हे सगळे बघत असत. मग टोपाजी मागे मशीनपाशी जाई आणि गुहेत अंधार होई. आधी कर्रर्र असा आवाज. मग ढण्ण. मग लांबून घुंगरू.

सिनेमा सुटला की सगळे करंजाच्या झाडाखाली जमत. तिथे 'भयप्रेमी मंडळ' भरे. अध्यक्ष होते ढालूकाका कासव. मंडळात बोलताना 'मला काही भीती वाटली नाही' अशी सुरुवात करायची पद्धत होती. मग भूत कसं होतं, काय कमी पडलं, कुणी पाहावा, कुणी जेवून पाहू नये, यावर ज्याने त्याने आपलं मत द्यायचं. ढालूकाकांचं मत ठरलेलं असे. पूर्वीच्या हडळीला जे वजन होतं ते आताच्या हडळीत राहिलं नाही, असं ते म्हणत. चिंतोपंत ससा म्हणे की भूत आणखी थोडं मागून यायला हवं होतं.

मंडळाचा कायदा मात्र एकच होता. कथा फोडायची नाही. कथा फोडणाऱ्याला मंडळातून काढायचं, आणि तो निघून जाईपर्यंत सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करून बसायचं. हा कायदा टोपाजीने सुचवला होता आणि वळकटरावांनी तो उचलून धरला होता.

आता वळकटराव कोण ते सांगतो. वळकटराव हे खवल्या मांजर. मुंग्या खाणारं, अंगभर खवले असलेलं, अतिशय लाजाळू जनावर. खट्ट झालं की त्यांची गुंडाळी होई. आधी जंगलात त्यांना कुणी विचारत नसे. बारशाला बोलवत नसत, कारण बाळ रडलं की पाहुणा गुंडाळलेला. पण सिनेमे सुरू झाले आणि वळकटरावांचं नशीब उघडलं. एका रविवारी मंडळात कुणीतरी त्यांना चुकून मत विचारलं. त्यांनी घाबरून जे सुचलं ते सांगितलं.

ते म्हणाले, "यातला अंधार जुन्या वळणाचा आहे."

असं कुणी बोललंच नव्हतं. तेव्हापासून वळकटराव जाणकार झाले. सोमवारी सकाळी ते सागाच्या पानावर आपली शिफारस लिहीत आणि पानाला बाभळीचे काटे टोचत. अंगावर जितके काटे आले तितके पानावर टोचायचे, असा हिशोब. वळकटरावांचे साडेतीन काटे म्हणजे फार मोठी गोष्ट समजली जाई. अर्धा काटा ते दाताने मोडून लावत. गुहेत पहिल्या रांगेतला सपाट दगड त्यांच्यासाठी राखून ठेवलेला असे, आणि करंजाजवळच्या वारुळाला दुसरं कुणी तोंड लावत नसे.

आणि बाळांनो, कानात सांगतो, वळकटरावांनी एकही सिनेमा पाहिला नव्हता. कर्रर्र झालं की त्यांची गुंडाळी होई, ती दिवा लागेपर्यंत सुटत नसे. त्यांना फक्त अंधार माहीत होता. पोटाकडचा एक आणि शेपटीकडचा एक. त्यावरच ते इतके दिवस बोलत होते. बाकीचे सगळे डोळे उघडे ठेवून बघतात आणि आपणच एकटे भित्रे, असं त्यांना वाटे, आणि त्याची त्यांना फार लाज वाटे. कथा न फोडण्याचा कायदा त्यांना आवडायचा तो याचमुळे. ज्याला कथा माहीतच नाही त्याच्याइतका तो कायदा कोण पाळणार?

अशात शेताकडून एक धामण जंगलात राहायला आली. तिचं नाव नलूताई. सापांना पापण्या नसतात, बाळांनो. खोटं वाटत असेल तर विज्ञानाच्या बाईंना विचारा. कानाचंही त्यांच्याकडे बेताचंच. नलूताईशी बोलायचं तर जमिनीला हनुवटी टेकवून बोलावं लागे, तेव्हा कुठे तिला कळायचं.

पहिल्याच रविवारी ती 'आडातला हात' बघायला आली. मंडळात ढालूकाकांनी जमिनीला हनुवटी टेकवून तिला मत विचारलं.

"आवडला की," नलूताई म्हणाली. "शेणाचा भाग तर लई चांगला."

सगळ्यांनी वळकटरावांकडे बघितलं. सिनेमात शेण असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. पण जाणकाराला गप्प बसून चालत नाही. शेण हे इथे प्रतीक आहे, आपण सगळेच शेवटी कुजणार आहोत, असं दिग्दर्शकाला सुचवायचं आहे, असं ते म्हणाले. चिंतोपंतांना तर गहिवरून आलं. आपल्यालाही नेमकं हेच जाणवलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

पुढच्या रविवारी 'हडळीचं हळदीकुंकू' झाला. मंडळ उठता उठता नलूताई वळकटरावांना म्हणाली, "हा गेल्या खेपेचाच हाय. नाव तेवढं दुसरं."

वळकटरावांना त्या दिवशी मुंग्या गोड लागेनात. कारण पुढच्या रविवारी त्यांचा सत्कार होता. मंडळाने ठरवलं होतं की सिनेमाआधी गुहेतच वळकटरावांना शाल आणि श्रीफळ द्यायचं. ज्याला कुणी बारशाला बोलवलं नव्हतं त्याला आता शाल मिळणार होती. ते तीनदा पाठ ताठ करून शाल कशी घ्यायची याची तालीम करून बसले होते.

सोमवारी ते नलूताईच्या बिळाशी गेले, हनुवटी टेकवली आणि सिनेमात नक्की काय असतं ते विचारलं. नलूताईने सगळं सांगितलं. एक टोपीवाला माणूस खड्डा खणतो. त्यात पालापाचोळा घालतो, शेण घालतो, पाणी शिंपडतो. मग गांडुळं सोडतो. वर ओलं गोणपाट झाकतो. शेवटी एक बाई टोपलीभर वांगी दाखवून हसते.

"आणि भूत?"

"भूत न्हाई. एक बैल हाय, पण गुणी हाय."

"आणि तो आवाज?"

"कसला आवाज?" नलूताई म्हणाली. "तुमचा टोपाजी मागं बसून पत्र्याचा डबा बडवत असतो, ते म्हणताय व्हय? शेपटीला घुंगरू बांधतो. मला वाटलं त्याला सवय असंल."

इतके रविवार ते गांडूळखताला घाबरून बसले होते. मग त्यांनी नलूताईला विनवलं, की हे मंडळात बोलू नका, निदान या रविवारी तरी नको.

"मी होऊन न्हाई बोलणार," नलूताई म्हणाली. "पण कुणी विचारलं तर सांगणार. डोळं मिटता येत असतं तर खोटंबी बोलले असते."

रविवार उजाडला. गुहा गच्च भरली. ढालूकाकांनी भाषण केलं. वळकटरावांनी आपल्याला बघायला शिकवलं, असं ते म्हणाले. शाल घातली. श्रीफळ वळकटरावांच्या दोन्ही हातांत मावेना, म्हणून ते पोटाशी धरून उभे राहिले. त्यांना खरोखर रडू येत होतं. सगळं सुरळीत संपत आलं होतं. पण सूत्रसंचालन चिंतोपंतांकडे होतं आणि चिंतोपंतांना माईक सोडवेना. माईक नव्हता, मक्याचं कणीस होतं, पण तेही सोडवेना. नवीन सभासदांनीही या सिनेमांविषयी दोन शब्द बोलावेत, असं ते म्हणाले, आणि हनुवटी जमिनीला टेकवून त्यांनी तेच नलूताईला विचारलं.

नलूताई म्हणाली, "सिनेमा चांगला हाय. पण एकच हाय. गांडूळखत कसं करायचं त्याचा. भूत न्हाई त्यात."

चिंतोपंतांनी ढालूकाकांकडे बघितलं. ढालूकाकांनी हरणाकडे बघितलं. हरणाने साळिंदराकडे बघितलं. कुणीच म्हणेना की बाई, खोटं बोलू नका, मी भूत पाहिलं आहे. कुणीच म्हणेना की हो, बरोबर आहे. प्रत्येक जण दुसरा काय बोलतो त्याची वाट बघत होता. मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा वळकटरावांवर येऊन थांबल्या. शाल खवल्यांवरून घसरायला लागली होती.

वळकटरावांनी ती सावरली.

ते म्हणाले, "बाईंनी कथा फोडली."

गुहेत सगळ्यांनी एकदम सुटकेचा सुस्कारा सोडला. मग सगळे रागावले. इतक्या दिवसांत इतकं मनापासून कुणी रागावलं नव्हतं. निदान शेवट तरी सांगायला नको होता, असं हरीण म्हणालं. मला अजून बघायचा होता, असं चिंतोपंत म्हणाले, आणि त्यांनी तर एकही रविवार चुकवला नव्हता. सगळ्यांनी त्यांना माना डोलावून दुजोरा दिला. ढालूकाकांनी कायदा वाचून दाखवला. मग सगळे वळले आणि नलूताईकडे पाठ करून बसले.

नलूताईला काही ऐकू आलं नव्हतं. तिला नुसत्या पाठी दिसल्या. काय झालं, असं तिने दोनदा विचारलं. कुणीच हनुवटी टेकवली नाही. मग ती आली तशी सरपटत निघून गेली. मला इथे दर वेळी वाईट वाटतं, बाळांनो. वळकटरावांनाही वाटलं. पण शाल फार ऊबदार होती.

सत्कार आटोपल्यावर 'माळ्यावर कोण चालतंय' सुरू झाला. कर्रर्र झालं. ढण्ण झालं. वळकटरावांची गुंडाळी झाली. पण आत त्यांना आठवलं, की घाबरण्यासारखं काही नाही, नुसतं शेण आहे. आज आपण बघायचंच, असं त्यांनी ठरवलं. शेपटी जराशी सैल केली आणि आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा चालू असताना डोळे उघडले.

पडद्यावर टोपीवाला माणूस खड्डा खणत होता. वळकटरावांनी मान वळवून मागे बघितलं. ढालूकाका पाठीच्या ढालीत होते. चिंतोपंतांनी दोन्ही कान डोळ्यांवरून ओढून खाली गाठ मारली होती. हरणाने तोंड साळिंदराच्या मागे लपवलं होतं आणि साळिंदराने हरणाच्या मागे. भरलेल्या गुहेत एकही डोळा उघडा नव्हता. आपण एकटेच भित्रे म्हणून ज्यांच्यासमोर इतके दिवस लाजत होतो, ते हे सगळे.

सगळ्यात मागे टोपाजी एका हाताने मशीन फिरवत होता, दुसऱ्या हाताने डबा बडवत होता आणि तोंडाने जांभळं खात होता. त्याचं वळकटरावांकडे लक्ष गेलं. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग टोपाजीने डबा न थांबवता, अगदी आपुलकीने, एक जांभूळ त्यांच्याकडे फेकलं.

वळकटरावांना कधी नव्हती एवढी भीती वाटली. त्यांनी जांभूळ उचलून तोंडात टाकलं, शाल अंगाभोवती ओढली आणि घट्ट गुंडाळी केली.

सोमवारी सकाळी सागाच्या पानावर त्यांची शिफारस आली. 'चुकवू नये. शेवट अंगावर येतो.' आणि पानाला पहिल्यांदाच पूर्ण पाच काटे होते.

तात्पर्य : सिनेमातलं कळायला हवं असेल तर तो डोळे मिटून पाहावा. उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या पदरात फार तर वांगी पडतात.